आईचा गुलाब सोबत न्यायचाय

प्रश्न : मावशी, नमस्कार. वाईला आमचं जुनं घर आहे. परसात आईने लावलेला गावठी गुलाबी गुलाब आहे, चाळीस वर्षांचा तरी असेल. आईला जाऊन तीन वर्षं झाली. दिवाळीनंतर घर पाडायचं ठरलंय. मी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. आजवर तीनदा काड्या आणून लावल्या. दर वेळी आठ-दहा दिवसांत छान लालसर पालवी फुटते आणि तिसऱ्या आठवड्यात काडी खालून काळी पडून मरते. शेणखत घालते, रोज पाणी देते. कोरफडीचा गर, मध, दालचिनी सगळं लावून पाहिलं. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

ताई, पालवी फुटली म्हणजे काडी लागली असं नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. कापलेल्या काडीच्या पोटात थोडं अन्न साठवलेलं असतं. ऊब आणि ओल मिळाली की डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, त्या शिदोरीवर फुटतात. पानं पाणी मागू लागतात, पण खाली मूळच नसतं. शिदोरी संपली की काडी बसते. तुमच्या तिन्ही खेपांना हेच झालंय. वर शेणखत आणि रोजचं पाणी! काडीचा खालचा काप ही उघडी जखम आहे. तिला खत आणि चिखल लागला की कुज धरणारच. मूळ फुटेपर्यंत खताचा कणही नको.

हे मी स्वतः भोगलंय. सोरतापवाडीच्या एका रोपवाटिकेत मी कामाला लागले त्या पहिल्याच पावसाळ्यात जास्वंदीच्या चारशे पिशव्या भरल्या होत्या. माती, आणि तिच्यात निम्मं ओलं शेणखत. रोपांना चांगलंचुंगलं मिळावं, एवढाच विचार. विसाव्या दिवशी एक काडी उपसली तर खालची दोन बोटं काळी, बुळबुळीत, आंबूस वासाची. तिथल्या वयस्कर माळ्याने ती हातात घेतली आणि नखाने साल खरवडत वरून खाली आला. वर हिरवी, मध्ये पिवळट, खाली तपकिरी. मग काही न बोलता नदीच्या वाळूचं एक घमेलं माझ्यापुढे ठेवलं. त्या चारशेतल्या अकरा जगल्या. पुढे 27 वर्षं मी काड्या लावल्या, पण नखाने साल खरवडून पाहायची सवय त्या दिवसाची.

आता तुमच्या गुलाबाचं. वर्णनावरून तो एडवर्ड गुलाब असावा, गुलकंदाला चालतो तो. तसं असेल तर नशीब चांगलं आहे, कारण हा स्वतःच्या मुळावर उत्तम वाढतो. बाजारातले मोठ्या फुलांचे कलमी गुलाब खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळावर, डोळा भरून केलेले असतात. त्यांची काडी लागली तरी झाड बऱ्याचदा अशक्त राहतं.

काडी कोणती घ्यायची, यावर निम्मं काम अवलंबून आहे. जिच्या टोकाचं फूल नुकतंच गळलंय अशी, पेन्सिलीएवढी जाड. पारख सोपी आहे : काटा अंगठ्याने आडवा दाबा. कट्कन स्वच्छ निघाला तर काडी तयार. वाकला, साल ओढत आला तर अजून कोवळी. अजिबात हलेना तर जून झाली. सकाळी लवकर कापा, तेव्हा काडीत पाणी भरलेलं असतं. कापली की लगेच ओल्या फडक्यात गुंडाळा. केळीचं सोपट मिळालं तर फारच छान, त्यात वाईहून पुण्यापर्यंत काडी टवटवीत येते. गाडीच्या डिकीत मात्र टाकू नका, तिथे शिजते.

घरी आल्यावर 6 ते 8 इंचांचे तुकडे करा. धारदार ब्लेड घ्या आणि आधी स्पिरिटने पुसा. कात्रीने काडी चेचते. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या पाव इंच वर, सरळ. याने मूळ लवकर येतं असं काही नाही, पण वरखाली कधी चुकत नाही. आणि ते चुकून चालतच नाही. मूळ फोडणारं संप्रेरक शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि खाली उतरतं, म्हणून वरची दोन पानं ठेवायची. अख्खी नाही, प्रत्येक पानातली दोनच छोटी पानं. कळ्या सगळ्या खुडा, जीव तुटला तरी खुडा. खालच्या एका इंचावरचे काटे काढा आणि एका बाजूने साल हलकेच खरवडा.

कोरफड, मध, दालचिनी यांवर मी तुमचं मन मोडणार नाही, पण विसंबूही देणार नाही. दालचिनी बुरशीला थोडी आवर घालते, मध जखमेवर ठीक. मुळं फोडायची ताकद त्यांच्यात नाही. खतांच्या दुकानात मुळं फोडणारी पावडर मागा. तिच्यात इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, ते काडीतल्या संप्रेरकाचंच काम करतं. पाकिटावर कोवळ्या काडीसाठी, अर्धपक्व काडीसाठी असं लिहिलेलं असतं. तुम्हाला अर्धपक्वची हवी. जास्त लावली तर जास्त मुळं येतात असं नाही, उलट काडी भाजते. चिमूटभर कागदावर काढा, ओलसर टोक त्यात अर्धा इंच टेकवा, बोटाने टिचकी मारून जादा झटका. आणि काडी वाळूत खुपसू नका, पावडर वरच्या वर पुसली जाते. आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग काडी सोडा आणि कडेने दाबा.

वाळू चाळलेली, धुतलेली, किंवा निम्मी वाळू निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीटमध्ये क्षार असतात, दोन-तीन पाणी बदलून धुवा, मग उकळतं पाणी ओतून निववा. मुठीत घट्ट दाबल्यावर दोन-चार थेंब पडावेत, धार नको.

आता माझी आवडती युक्ती. लग्नात सरबताला असतात ते पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास घ्या, बुडाला तीन भोकं पाडा, एका ग्लासात एकच काडी. तो ग्लास दुसऱ्या रंगीत ग्लासात बसवा, कारण मुळांना उजेड सोसत नाही. म्हणजे काडी उपसून बघायचा मोह होत नाही. आतला ग्लास उचलायचा, बघायचं, परत ठेवायचं. आधी कापावर पांढरट, खडबडीत गोळा धरतो. त्याला मूळ समजू नका. साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात ग्लासाच्या कडेला दोऱ्यासारखी पांढरी मुळं टेकलेली दिसतील. तो दिवस तुम्ही विसरणार नाही.

तोवर वर पाण्याच्या बाटलीचा बूड कापलेला वरचा अर्धा भाग पालथा घाला. काडीला मूळ नाही, तेव्हा हवाच ओली ठेवायची. सकाळी दहा मिनिटं झाकण काढा, वाफ जाऊ द्या. ठेवायचं उजेडात, उन्हात कधीच नाही. बाटलीखाली ऊन आलं की तासाभरात काडी उकडते. आतून बाष्प धरलेलं दिसतंय तोवर पाणी घालायचं नाही. गळालेलं पान त्याच दिवशी उचला.

मुळं दोन इंचांची झाली की पाचसहा दिवस झाकण रोज जास्त वेळ उघडं ठेवत न्या, मग माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत अशा मिश्रणात लावा. तुमच्याकडे कोणत्या बाल्कनीत पाच-सहा तास ऊन येतं ते आत्ताच बघून ठेवा.

आणि ताई, घर पाडायची तारीख ठरलेली असताना सगळा भार काड्यांवर टाकू नका. श्रावणात वाईला जा आणि झाडावरच तीन-चार गुट्या बांधा, म्हणजे फांदी न तोडता तिला झाडावरच मुळं फोडा. पेन्सिलीएवढ्या फांदीची एक इंच साल गोल काढा, आतला चिकट थर फडक्याने पुसा, पावडर लावा, भिजवून पिळलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) मुठीएवढं गुंडाळा, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. फांदी झाडाचंच पाणी पीत राहते, म्हणून उपाशी मरत नाही. घटस्थापनेच्या सुमारास प्लास्टिकमधून मुळं दिसली की खालून कापून आणा. काड्या मात्र दोन खेपांत लावा : दहा आत्ता, दहा दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की. एवढं केल्यावर एक तरी झाड हाती लागेल, याची मला खात्री वाटते.

प्रश्न : मोगऱ्याची काडी पाण्यात ठेवली तर लांब मुळं येतात, मातीत लावली की मरते. असं का?
– एक वाचक, डोंबिवली

पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीतून पाणी ओढायची त्यांना सवय नसते. मुळं अर्धा-पाऊण इंचाची असतानाच हलवा आणि पहिला आठवडा माती चांगली ओलसर ठेवा. तुळशीलाही हेच. मोगऱ्याला खरं तर याहून सोपं दाब कलम : लोंबती फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत पुरा, वर दगड ठेवा, दीड-दोन महिन्यांनी कापा.

प्रश्न : हापूसची फांदी तोडून लावली तर येईल का? सोनचाफ्याची?
– एक वाचक, इस्लामपूर

नाही. या झाडांची काडी घरी लागत नाही, पावडर वाया घालवू नका. आंब्याला कोय कलम (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावरचं) किंवा खुंटावरचं कलम, सोनचाफ्यालाही कलमच. अंजिराची पक्की काडी मात्र जरूर लावा, पुरंदरच्या बागा अशाच काड्यांवर उभ्या राहिल्यात.

प्रश्न : सोलापूरला भावाची ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची बाग आहे. यंदा तेल्या आहे. काड्या न्याव्यात का?
– एक वाचक, बार्शी

नेऊ नका. तेल्या हा जिवाणूचा रोग आहे आणि रोगट झाडाच्या काडीतून, गुटीतून तो तुमच्या अंगणात येतो. फांदी वरून स्वच्छ दिसली तरी भरवसा नाही. वर्षभर थांबा. पुढच्या हंगामातही खोडावर, फळांवर डाग दिसले नाहीत, तर मला परत लिहा.