विहिरीत पिवळं चमकलं, सोनं असेल का?

प्रश्न : सर, आमचं रान चंदगड तालुक्यात आहे. विहिरीचं खोदकाम चालू असताना वीतभर रुंद पांढऱ्या दगडाची शीर लागली, आत पिवळे कण चमकतात. एकजण म्हणतोय सोनं आहे, तपासून देतो, पंचवीस हजार द्या. काय करू?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे पैसे देऊ नका.

हाच दगड करवीर-पन्हाळ्याकडं सापडला असता तर मी एका ओळीत नाही म्हटलं असतं, कारण तिकडं सगळा लाव्हाचा काळा कातळ आणि त्याच्या पोकळ्यांत साठलेल्या गारगोटीत सोनं शोधण्यात अर्थ नसतो. पण कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, तुमच्याकडं, लाव्हाच्या खालचे कितीतरी जुने खडक उघडे पडलेत, म्हणून तुमचा प्रश्न नीट बघण्यासारखा आहे. कर्नाटकातल्या हट्टी आणि कोलारचं सोनं २५० कोटी वर्षांहून जुन्या खडकांतल्या अशाच शिरांमधलं. खोलवरचं गरम पाणी भेगांतून वर येतं, सोबत विरघळलेली सिलिका (जिची गारगोटी बनते), गंधक आणि कधीकधी सोनं असतं, वर दाब कमी झाला की गारगोटी तिथंच बसते, भेग परत फुटते, परत भरते, असं कित्येक वेळा होतं. तरी बहुतेक शिरा रिकाम्याच निघतात हो, हे आधीच सांगतो.

आता ते पिवळे कण. सुई टोचून बघा, सोनं दबतं, पायराइटचा, म्हणजे सोन्यासारख्या चमकणाऱ्या लोह-गंधकाच्या खनिजाचा, चुरा होतो. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा, पायराइटची रेघ काळपट हिरवी येते, सोन्याची पिवळीच. नखानं पापुद्रा सुटला तर तो अभ्रक. खाणीतलं सोनं टनाला काही ग्रॅम एवढंच असतं, बऱ्याचदा डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळं एवढं झगझगीत दिसतंय म्हणजे मला पायराइटचाच संशय जास्त येतो.

मी तुमच्या जागी असतो तर चमक सोडून गंज बघितला असता. गारगोटीत तांबूस-तपकिरी डाग, बारीक चौकोनी भोकं आहेत का? तिथला पायराइट कुजून गेलेला असतो आणि सोनं असलंच तर अशा जागी, शिरेच्या कडेला मिळायची शक्यता जास्त. नमुना घ्यायचा तो शिरेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग, बाजूच्या खडकासकट. चमकणारा तुकडा निवडून दिला तर रिपोर्ट फसवाच येणार. नमुना घेऊन कोल्हापुरात जिल्हा खनिकर्म कार्यालयात विचारा. आणि सोनं निघालंच तरी खाणपट्ट्याशिवाय, म्हणजे खाणकामाच्या सरकारी परवानगीशिवाय, ते काढता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

दगड घरी चुलीत भाजू नका, अजिबात नको. अशा शिरांत आर्सेनिकचं खनिज असू शकतं, त्याचा लसणासारखा वास येणारा धूर विषारी असतो. त्याच कारणासाठी विहिरीचं पाणी घरात प्यायला घ्यायच्या आधी आर्सेनिक आणि लोहासाठी प्रयोगशाळेत तपासून घ्या, सोन्याच्या तपासणीआधी हे करा.