पायावरील जुनी जखम भरत नाही आणि सूजही आहे. ड्रेसिंग पुरेसे आहे की दाबपट्टी हवी?

घोट्याजवळची जखम शिरांमधील झडपा निकामी झाल्यामुळे झाली असेल, तर ड्रेसिंग कितीही महाग असले तरी ते दुय्यम ठरते. मुख्य उपचार दाबाचाच असतो. झडपा नीट मिटत नसल्याने रक्त खाली साचते, शिरांतील दाब वाढून द्रव ऊतींमध्ये झिरपतो आणि सुजलेल्या त्वचेवरची जखम महिनोन्‌महिने रेंगाळते. घोट्यापाशी साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका आणि गुडघ्याकडे कमी होत जाणारा दाब दिला, की चालताना पोटरीचे स्नायू हे रक्त अधिक चांगल्या प्रकारे वर ढकलतात. ड्रेसिंगने माफक ओलावा राखून जादा स्राव शोषावा. जखम उघडी ठेवून वाळवण्याचा सल्ला, कितीही प्रचलित असला, तरी येथे चुकीचा आहे.

मात्र धमन्यांतील रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर असा दाब दिल्यास ऊती मरू शकतात. म्हणून घोटा आणि दंड येथील रक्तदाबाचे गुणोत्तर डॉक्टरांकडून आधी मोजून घ्यावे, ते ०.८ पेक्षा कमी असल्यास पूर्ण दाबाची पट्टी सहसा बांधत नाहीत. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो. जखम भरल्यावरही दाबमोजे सकाळी सूज चढण्यापूर्वीच घालावेत आणि ताण सैल पडल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, बदलावेत.