आत्ता ऑपरेशन केलं तर पुन्हा करावं लागणार नाही ना?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. जन्मापासून त्याचा डावा जबडा लहान आहे, हनुवटी डावीकडे वळलेली आहे आणि डावा कानही नीट घडलेला नाही. खातोपितो व्यवस्थित, झोपेत घोरत नाही. एक डॉक्टर म्हणतात, "आत्ताच हाड लांबवून घ्या, मोठेपणी ऑपरेशन टळेल." दुसरे थांबायला सांगतात. वर्गातली मुलं त्याला 'वाकडतोंड्या' म्हणतात. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, 'मोठेपणी ऑपरेशन टळेल' हे आश्वासन एके काळी मीही दिलेलं आहे. ते खोटं ठरलेलं मी पाहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या दोषाला हेमिफेशियल मायक्रोसोमिया म्हणतात. साधारण चार-पाच हजार बाळांत एखाद्याला तो असतो. गरोदरपणात तुमचं काही चुकलं म्हणून तो झाला, हे आधी मनातून काढून टाका. हाड लांबवण्याची पद्धत सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांनी हातापायांच्या हाडांसाठी रुळवली. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मॅकार्थी यांनी ती मुलांच्या जबड्यावर केल्याचं प्रसिद्ध झालं, आणि आम्ही तरुण सर्जन हरखून गेलो. हाड कापायचं, यंत्र बसवायचं, काही दिवस थांबून रोज एक मिलिमीटर किल्ली फिरवायची. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं.

माझी एक पेशंट तेव्हा सात वर्षांची होती. रोज संध्याकाळी तिचे वडील किल्ली फिरवायचे, अठरा दिवस. हनुवटी मधोमध आली. घरच्यांनी पेढे वाटले, मीही खाल्ले. ती तेरा वर्षांची झाली तेव्हा हनुवटी जवळजवळ पूर्वीच्याच जागी गेली होती. सतराव्या वर्षी तिचे दोन्ही जबडे पुन्हा कापावे लागले. जुन्या व्रणांमुळे ते काम अवघड गेलं. पहिल्या वेळी एका दाढेचा अंकुरही दुखावला होता, ती दाढ कधी आलीच नाही.

असं का झालं? आम्ही हाडाची लांबी वाढवली, पण त्या बाजूचा वाढीचा वेग बदलू शकलो नाही. निरोगी बाजू आपल्या गतीने वाढत राहते, उणी बाजू मागे पडते. शिवाय तिथले स्नायूही तोकडे असतात आणि लांबवलेलं हाड ओढून धरतात. अशा मुलांना मोठं होईपर्यंत तपासत राहिलेल्या इतर डॉक्टरांच्या नोंदींतही बहुतेकदा हेच दिसतं. जबड्याच्या सांध्याच्या जागी बरगडीचा तुकडा बसवला तर तो किती वाढेल, हेही आधी सांगता येत नाही. कधी वाढतच नाही, कधी नको इतका वाढतो.

तरीही काही मुलांचं ऑपरेशन लवकर करावंच लागतं. झोपेत श्वास अडकत असेल, गळ्याला छिद्र पाडून नळी घातलेली असेल, खाणं जमत नसेल, तर मी एक दिवसही थांबणार नाही. (हनुवटीवर पडल्यानंतर किंवा कान फुटल्यानंतर तोंड उघडेनासं झालं असेल, तर तो वेगळा आजार आहे. त्यातही वाट पाहायची नाही.) तुमच्या मुलाला यातलं काही नाही. तो माझा पेशंट असता, तर मी आत्ता जबड्याला हात लावला नसता.

दोन्ही कानांची श्रवणचाचणी मात्र या महिन्यातच करा. उजव्या कानानं ऐकू येतं म्हणून ती राहून जाते आणि मूल वर्गात मागे पडतं. मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि मानेच्या मणक्यांचा एक्स-रेही करून घ्या, कारण या दोषासोबत तिथेही कधीकधी उणीव असते. ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्याला, वर्षातून दोनदा दाखवा. मोठ्या ऑपरेशनचा विचार वाढ थांबल्यावर, साधारण सतरा-अठराव्या वर्षी.

चिडवण्याचं दुःख मी लहान मानत नाही. वर्गशिक्षकांना भेटा आणि जन्मतः काय आहे ते मुलाच्या देखत साध्या शब्दांत सांगा. विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, ते एक वाक्य त्याचं त्यालाच ठरवू द्या. लवकर ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा : सहाव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या मुलाचा अठराव्या वर्षीचा फोटो दाखवाल का?

आणि दर वाढदिवसाला त्याचा समोरून एक फोटो काढा, दातांत आइस्क्रीमची काडी आडवी धरायला सांगून. काडी डोळ्यांच्या रेषेला किती तिरकी दिसते, ते पाहा. तिरकेपणा वर्षागणिक वाढताना दिसला तर फोटो घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, आणि मलाही कळवा.