शिकारीच्या जमिनीवर फॉलमध्ये (पानगळीच्या दिवसांत) ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा, झाडाला बांधायचा कॅमेरा, कुठे आणि कसा लावावा?

तुम्ही विचारलंय की नुकतेच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आलात, ओळखीच्या एका कुटुंबाच्या शिकारीच्या जमिनीवर कॅमेरा लावायची परवानगी मिळालीय, शिकार करायची नाही, फक्त प्राणी बघायचेत. तर सुरुवात कशी करावी?

मी मॅडिसनला राहते. गेली सात वर्षं राज्याच्या नैऋत्येला, व्हर्नन काउंटीत, एका शेतकरी कुटुंबाच्या ऐंशी एकरांवर माझे दोन कॅमेरे असतात. ते शिकारी, मी नाही. त्यामुळे तुमची परिस्थिती मला चांगली ठाऊक आहे.

कॅमेरा बांधण्याआधी दोन दुपारी ती जमीन पायी फिरा. फॉलमध्ये जनावरांचं खाणं दर दोन-तीन आठवड्यांनी जागा बदलतं. सप्टेंबरात जिथे रोज हरणं येतात, ती जागा नोव्हेंबरात ओस पडलेली असते. एकाच झाडाला कॅमेरा बांधून डिसेंबरात काढायला गेलात, तर निम्मा हंगाम हातचा जाईल.

सप्टेंबरच्या शेवटी व्हाइट ओक शोधा. याच्या पानांचे कंगोरे गोल असतात, रेड ओकचे टोकदार. व्हाइट ओकच्या फळांत टॅनिन कमी, म्हणून ती कमी कडू लागतात आणि हरणं आधी तीच संपवतात. झाडाखाली फुटकी टरफलं आणि ओल्या, चकचकीत लेंड्या दिसल्या की जागा ठरली. ऑक्टोबरात मका कापला जातो. उभ्या मक्यात दिवसभर लपून राहणाऱ्या हरणांचा आडोसा एका दिवसात जातो. मग ती रानाच्या कडेला सरकतात आणि संध्याकाळी सांडलेले दाणे वेचायला शेतात उतरतात. कापणी कधी आहे ते मालकांना विचारून ठेवा. मला ही एक माहिती कुठल्याही महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडलीय.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की नरांचं लक्ष खाण्यावरून उडतं. इथलं हरण, म्हणजे व्हाइटटेल, हे आपल्या चितळ-सांबराच्या कुळातलं जनावर. याची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल उतरते, आणि दिवस लहान होऊ लागले की नर माजावर येतात. आता रानाच्या कडेने चालताना दोन खुणा बघा. एक, सांबर करतं तसं शिंगं घासून सोललेलं कोवळं खोड. दुसरी, तोंडाच्या उंचीवर लोंबणाऱ्या फांदीखाली खुरांनी उकरलेली काळी माती. इथले लोक हिला स्क्रेप म्हणतात. नर ती माती उकरून त्यात मुततो, वरची फांदी चावतो, डोळ्यांजवळच्या आणि कपाळाच्या ग्रंथींचा वास तिला लावतो. मग दुसरे नर येऊन हुंगतात, माद्याही येतात. गावच्या चावडीवर कोण आलं-गेलं कळावं, तसं त्या एका फांदीवरून परिसरातल्या सगळ्यांना सगळ्यांची खबर लागते. माझ्याकडच्या सर्वांत सुंदर चित्रफिती अशा फांद्यांसमोरच्या आहेत. भेटी बहुतेक रात्रीच्या असतात, म्हणून कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड, म्हणजे अंधारात फोटो काढायचा न दिसणारा प्रकाश, ९४० नॅनोमीटरचा असेल तर बरं. ८५० वाल्याचा प्रकाश लांबवर पोहोचतो, पण त्याचे दिवे अंधुक लाल दिसतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माद्या माजावर आल्या की नर स्क्रेप सोडून त्यांच्या मागे धावतात. तेव्हा कॅमेरा तिथून काढून दोन रानांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यावर किंवा डोंगररांगेतल्या खिंडीत न्या. भर दुपारी पळणारा नर तिथेच सापडतो.

आता बांधण्याबद्दल. पहिल्या वर्षी मी एका बारीक झाडाला पश्चिमेकडे तोंड करून कॅमेरा बांधला होता. कार्ड भरलं ते वाऱ्यावर हलणाऱ्या गवताच्या आणि मावळत्या उन्हाच्या फोटोंनी. यातला सेन्सर हालणारी उष्णता ओळखतो, त्यामुळे ऊन आणि तापलेल्या फांद्या त्याला फसवतात. थंडी वाढली की जनावराच्या अंगाची ऊब भोवतालाहून उठून दिसते आणि तो जास्त नेमका चालतो. तोंड उत्तरेकडे, खोड जाड, उंची सुमारे ३ फूट, आणि वाटेला काटकोन न करता तिरका रोख. समोरचं गवत कापून टाका. सेल लिथियमचे घ्या. अल्कलाइन इथल्या नोव्हेंबरात पटकन मान टाकतात. घड्याळाकडेही लक्ष ठेवा: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वेळ एक तास मागे जाते, आणि कॅमेऱ्यात ती बदलायची राहिली तर हालचालींच्या वेळांचा सगळा हिशेब चुकतो.

कार्ड काढायला दर आठवड्याला जाऊ नका, कितीही मोह झाला तरी. तीन आठवडे थांबा, भर दुपारी जा, रबरी हातमोजे घाला. तुमच्या वासाने हरणांनी वाट बदलली, तर नुकसान त्या कुटुंबाचं आहे. वर्षभर ते ज्याची वाट बघतात, तो नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या दिवसांत रानात पाऊलही टाकू नका. धनुष्यबाणाचा हंगाम तर सप्टेंबरच्या मध्यापासूनच चालू असतो, म्हणून एरवीही भडक नारिंगी जाकीट घालूनच जा आणि आधी फोन करा.

आणखी एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. एका मोठ्या नराचा फोटो मी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जागेच्या नावासकट टाकला. तो फिरत फिरत कुठे पोहोचला कोण जाणे. त्या आठवड्यात कुंपणापाशी दोन अनोळखी गाड्या उभ्या दिसल्या. मालकीणबाई मला रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून बाहेर टाकायचा प्रत्येक फोटो आधी त्यांना जातो आणि त्या म्हणतील तोच पुढे. कुठला फोटो शिकारीसाठी वापरायचा, हा प्रश्नही त्यांच्याशी आधीच बोलून घ्या. यावर इथे खरोखर मतभेद आहेत. ॲरिझोनाने तर २०२२ पासून शिकारीसाठी अशा कॅमेऱ्यांवर बंदीच घातली. मी नरांचे फोटो हंगाम संपल्यावरच दाखवते, आणि ते त्यांना मान्य आहे.

हरणांखेरीज रॅकून, ओपोसम, कोयोटी, लाल कोल्हा येतीलच. नशीब असेल तर बॉबकॅट, म्हणजे इथलं आखूड शेपटीचं रानमांजर. मला सर्वांत जास्त आनंद रानटर्कींच्या थव्याचा होतो. विस्कॉन्सिनातून हा पक्षी नाहीसा झाला होता. १९७६ मध्ये मिझुरीतून आणलेल्या टर्की याच व्हर्नन काउंटीत सोडल्या, आणि आज ऑक्टोबरच्या सकाळी माझ्या कॅमेऱ्यासमोरून त्या वीस-वीसच्या रांगेने पाचोळा उकरत जातात. त्यांच्यासाठी कॅमेरा फूटभर खाली घ्या, नाहीतर नुसत्या पाठी दिसतील.