घरपट्टी माफ असलेले घर सोडावे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घर बदलण्याविषयीची आहेत. मुंबईहून ठाण्याला, एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात किंवा भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाताना खर्च नेमका किती वाढेल, असा सर्वांचा सूर आहे. पहिल्या पत्राला विस्ताराने उत्तर देत आहे, कारण त्यातला हिशेब इतरांनाही करावा लागणार आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी मुलुंड पूर्वेला ४८० चौरस फुटांच्या घरात राहतो. मी पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे. हे घर विकून घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या पुढे, साधारण तेवढ्याच किमतीत ७५० चौरस फुटांचे घर घ्यावे असा विचार आहे. मुलुंडला आम्हाला मालमत्ता कर भरावा लागत नाही. ठाण्याची घरपट्टी आपल्याला झेपणार नाही, असे माझा भाचा म्हणतो. उलट तिकडच्या एका परिचितांनी आपले बिल दाखवले, ते ४,५०० रुपयांचेच आहे. आमचे सध्याचे मेंटेनन्स महिना २,४०० रुपये आहे आणि नव्या सोसायटीत ते ५,२०० असल्याचे सांगतात. निवृत्तिवेतनात हे बसेल का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आधी परिचितांचे ते बिल पुन्हा हातात घ्यावे आणि त्यावरचा कालावधीचा रकाना पाहावा. महापालिकांची घरपट्टी वर्षाला दोन हप्त्यांत बसते, एक एप्रिल ते सप्टेंबर आणि दुसरा ऑक्टोबर ते मार्च. पुष्कळ लोक एका घराचे सहामाही बिल दुसऱ्या घराच्या वार्षिक बिलाशेजारी ठेवतात आणि तिथेच गणित चुकते. ४,५०० ही रक्कम एका सहामाहीची असेल तर वर्षाचे ९,००० रुपये होतात. आपण तेवढे धरून चालू.

आपले मुलुंडचे घर करमुक्त आहे, कारण मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंत चटईक्षेत्र असलेल्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला आहे. ही माफी घराच्या आकाराशी आणि मुंबईच्या हद्दीशी बांधलेली असल्यामुळे घर बदलले की ती आपल्याबरोबर येत नाही. मुंबईतच ५२० चौरस फुटांचे घर घेतले असते तरी वरच्या २० फुटांपुरता नव्हे, तर पूर्ण घराचा कर लागला असता.

भाच्याला वाटणारी भीती बहुधा टक्केवारी ऐकून आली असावी. मुंबईत २०१० पासून घराच्या भांडवली मूल्यावर कर बसतो. रेडी रेकनरमधील, म्हणजे सरकारी बाजारमूल्य तक्त्यातील दर, क्षेत्रफळ, इमारतीचा प्रकार आणि वय अशा गोष्टी गुणून हे मूल्य काढले जाते. ते लाखांत किंवा कोटींत असल्यामुळे त्यावरचा दर अगदी बारीक दिसतो. ठाण्यात अजून करयोग्य मूल्याची पद्धत आहे. घर भाड्याने दिले तर वाजवी वार्षिक भाडे किती येईल ते महापालिका ठरवते, दुरुस्तीपोटी त्यातून १० टक्के वजा करते आणि उरलेल्या रकमेवर सामान्य कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलप्रवाह कर, वृक्ष कर, शिक्षण कर असे एकेक कर लावते. समजा वाजवी भाडे महिना २,००० रुपये धरले, तर वर्षाचे २४,००० आणि त्यातून २,४०० वजा जाता करयोग्य मूल्य २१,६०० रुपये येते. सगळ्या करांची बेरीज ४० टक्के धरली तर वर्षाची घरपट्टी ८,६४० रुपये होते. ४० टक्के हा आकडा ऐकायला भयंकर वाटतो, पण तो २१,६०० रुपयांवर आहे, घराच्या बाजारभावावर नाही. म्हणून दोन शहरांच्या करांचे टक्के एकमेकांशी कधीच ताडून पाहू नयेत. वर्षाला प्रत्यक्ष भरायची रक्कम तेवढी पाहावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पद्धतीत पहिल्या आकारणीच्या वेळी धरलेला भाडेदर पुढे बहुधा तसाच चालत राहतो. त्यामुळे नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतले घर आणि घोडबंदरच्या नव्या इमारतीतले तेवढेच घर यांच्या करात बरेच अंतर पडू शकते. शेजारच्या संकुलातले बिल आपल्या उपयोगाचे नाही. जे घर घ्यायचे त्याच घराचे बिल विक्रेत्याकडून मागावे आणि थकबाकीचा रकाना कोरा आहे ना, याची खात्री करावी. थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती चढते. शिवाय कराची थकबाकी हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो, म्हणजे मागच्या मालकाने बुडवलेली रक्कम अखेरीस नव्या मालकाच्या दाराशी येते.

आता मी ज्याला खरा खर्च समजतो त्याकडे वळतो, तो म्हणजे पाणी. ठाणे महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. स्वतःची पाणीयोजना, ‘स्टेम’ प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून शहराला पाणी येते. घोडबंदर रस्त्यावर वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने पाणी वाढले नाही. माझी थोरली बहीण त्याच पट्ट्यात राहते. तिच्या सोसायटीच्या फाटकाशी एक लांबट वही ठेवलेली असते. वॉचमन तीत टँकरचा क्रमांक, आल्याची वेळ आणि सही घेतो. जानेवारीत त्या वहीचे एक पान आठवडाभर पुरते आणि मे महिन्यात दोन दिवसांत भरते. ती वही पाहिल्यापासून मी घर घेणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो, की मेंटेनन्सचे बिल मागायचे तर मे महिन्याचे मागा, आणि त्याबरोबर सोसायटीचे मागील दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागून त्यातला टँकरचा खर्च पाहा. आपल्याला सांगितलेले ५,२०० रुपये कोणत्या महिन्याचे आहेत, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

मेंटेनन्सची तुलना करतानाही एक खाचखळगा आहे. मुंबईत बहुतेक ठिकाणी मालमत्ता कराचे बिल सोसायटीच्या नावाने येते आणि सभासदाचा वाटा मेंटेनन्समध्ये मिसळलेला असतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत घरपट्टीचे बिल सहसा प्रत्येक सदनिकेचे वेगळे येते. आपल्याला कर माफ असल्यामुळे आपल्या २,४०० रुपयांत तो नसेल, पण मुंबईतल्या मोठ्या घरातून ठाण्यात येणाऱ्यांनी आधी तो वेगळा काढावा आणि मगच दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का घ्यायचा असतो. मोठ्या घराला हे दोन्ही आकडे जास्त येतात. याशिवाय महिन्याची वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर गेली आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली, तर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्या ७,५०० रुपयांत मालमत्ता कर धरत नाहीत.

विजेच्या बाबतीत आपल्याला फरक पडणार नाही, कारण मुलुंडलाही महावितरणचीच वीज आहे. दादर-माहीमकडून येणाऱ्यांची वीज बेस्टची असल्याने त्यांचे दर बदलतील. मोठ्या घरात दुसरा एसी लागला आणि महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या पुढे गेला, तर वरच्या टप्प्यातला दर मात्र जाणवतो. पाइपचा गॅस दोन्हीकडे एकाच कंपनीचा आहे. मुलुंड आणि आनंदनगर नाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला. त्यामुळे जुन्या डॉक्टरांकडे गाडीने जाणे-येणे आता स्वस्त झाले आहे. रस्त्यावर जाणारा वेळ मात्र आपण स्वतः, कामाच्या दिवशी सकाळी एकदा जाऊन मोजावा.

आपल्याच आकड्यांवरून बेरीज अशी होते. मेंटेनन्समध्ये महिना २,८०० रुपयांची वाढ, म्हणजे वर्षाला ३३,६००. घरपट्टी ९,०००. एकूण वाढ वर्षाला ४२,६०० रुपये, म्हणजे महिना ३,५५० रुपये. यात घरपट्टीचा वाटा महिन्याला जेमतेम ७५० रुपये आहे. भाच्याने दाखवलेली भीती खरी असली तरी तिने चुकीच्या जागी बोट ठेवले आहे.

खरेदीच्या वेळचा एक खर्च राहिला. मुंबई महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, ठाण्यात ते ७ टक्के पडते. घराची किंमत १ कोटी असेल तर ७ लाख मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी शुल्क भरावे लागेल. घर केवळ पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे १ लाख वाचतात, जे दहा वर्षांच्या घरपट्टीहून अधिक आहेत. आपण माझे मत विचारलेले नाही, तरीही सांगतो. वाढीव २७० फुटांची आपल्या दोघांना रोजच्या जगण्यात खरोखर गरज असेल, मुलगी बाळंतपणाला येणार असेल किंवा कोणी वृद्ध माणूस राहायला येणार असेल, तर हा खर्च जरूर करावा. केवळ ‘त्याच पैशांत मोठे घर’ एवढेच कारण असेल, तर मी आपल्या जागी असतो तर मुलुंड सोडले नसते.

प्रश्न : माझे घर खारघरला आणि भावाचे नेरुळला आहे. घरे जवळपास सारखी आहेत आणि दोघेही नवी मुंबईतच राहतो. तरी मला मागच्या कित्येक वर्षांची घरपट्टी एकदम आली आणि पाण्याचाही खर्च त्याच्याहून जास्त आहे. असे का?
(एक वाचिका, खारघर)

उत्तर : पत्त्यात आपण दोघेही नवी मुंबई लिहीत असाल, पण आपल्या महापालिका वेगळ्या आहेत. नेरुळ नवी मुंबई महापालिकेत येते, जी १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाली. खारघर पनवेल महापालिकेत आहे आणि ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. पनवेलने २०२१ मध्ये कराची बिले पाठवली, पण आकारणी स्थापनेच्या दिवसापासून धरली. त्या काळात सिडको वसाहतींतील रहिवासी सिडकोला सेवाशुल्क भरत होते, म्हणून ‘एकाच सेवेसाठी दोनदा पैसे का’ हा त्यांचा सवाल होता आणि तो मला रास्त वाटतो. हा वाद न्यायालयातही गेला. आपण सिडकोच्या सेवाशुल्काच्या सर्व पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात. बिलाविषयी हरकत असेल तर ती लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि शक्य असल्यास चालू वर्षाची रक्कम ‘हरकत राखून’ भरावी, कारण वाद चालू असतानाही शास्तीचा काटा थांबत नाही.

पाण्यातला फरक धरणातून आलेला आहे. नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातील मोरबे धरण विकत घेतले. स्वतःचे धरण असल्यामुळेच तिथे कित्येक वर्षे महिना ३०,००० लिटरपर्यंतचे पाणी ५० रुपयांत देणे परवडले. खारघरला सिडकोच्या हेटवणे योजनेचे पाणी येते आणि वस्तीच्या मानाने ते अपुरे पडते.

प्रश्न : मी वाशीला राहते. पुण्यातील आमचा फ्लॅट आता भाड्याने दिला आहे. तिथली घरपट्टी वाढेल का?
(एक वाचिका, वाशी)

उत्तर : वाढू शकते. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला वार्षिक करयोग्य रकमेत ४० टक्के सवलत देते. मध्यंतरी ती काढून घेतली गेली होती आणि २०२३ मध्ये परत मिळाली. भाड्याने दिलेल्या घराला ती लागू होत नाही. पुढे आपण स्वतः तिथे राहायला गेलात तर ही सवलत मागण्याचा पीटी-३ अर्ज पुराव्यांसह भरावा. तोवर एक लाभ घ्यावा. आपण भरलेली घरपट्टी प्राप्तिकरासाठी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, मात्र ज्या वर्षी प्रत्यक्ष भरली त्याच वर्षी. त्यामुळे ३१ मार्चच्या आत भरून पावती जपून ठेवावी.

प्रश्न : घणसोली गावठाणाजवळ एक स्वस्त फ्लॅट मिळतो आहे. विक्रेता महापालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या दाखवतो आणि म्हणतो, की कर भरला जातो म्हणजे इमारत कायदेशीर आहे. हे खरे आहे का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते आणि कायद्यात अशा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद आहे. हा कर किंवा ही शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही आणि ते पाडण्याचा महापालिकेचा अधिकारही जात नाही. पावतीवर ज्याचे नाव आहे तो मालक, असेही त्यातून सिद्ध होत नाही. आपण विक्रेत्याकडे बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे कागद मागावेत. जमीन सिडकोची असेल तर भाडेपट्ट्याचा करारनामा आणि हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगीही पाहावी. त्या पावत्यांपैकी अगदी अलीकडची घ्यावी आणि त्यावर शास्तीचा रकाना भरलेला आहे का, ते बयाणा देण्यापूर्वी तपासावे.