कुंडीत गर्दी, कड्यावर शुकशुकाट

प्रश्न (रॉटरडॅम): इथल्या दुकानात काठीवर कोबीचा गड्डा खोचल्यासारखं एक रोप मिळालं. पाटीवर ‘ब्रिगामिया, हवाई’ लिहिलंय. हे दुर्मीळ म्हणे. मग दुकानात ढिगानं कसं?

दोन्ही खरं आहे. हे हवाई द्वीपसमूहातल्या कौआई आणि नीहाऊ या बेटांवरचं झाड. तिथले लोक त्याला ‘आलुला’ म्हणतात. समुद्रावर तुटलेल्या कड्यांच्या कपारीत ते उगवायचं. बकऱ्यांनी कडे ओरबाडले, बाहेरून आलेल्या झाडोऱ्यानं जागा बळकावली, १९८२ आणि १९९२च्या चक्रीवादळांनी उरलीसुरली झाडं पाडली. तुमचं रोप मात्र बियांपासून रोपवाटिकेत वाढवलेलं. निर्धास्त ठेवा.

प्रश्न (सॅन होजे): माझ्याकडे दोन झाडं आहेत. पिवळसर सुवासिक फुलं येतात, पण फळ एकही धरत नाही.

धरणार कसं? फुलाची नळी बोटाहून लांब. तळाचा मध गाठायला तेवढीच लांब सोंड हवी, म्हणजे फुलपाखरासारखा मोठा पतंग. तो आता कड्यांवरही फिरकत नाही. म्हणून स्टीव्ह पर्लमन हे वनस्पतितज्ज्ञ दोराला लटकून, हातात कुंचला घेऊन या फुलांचं परागण करायचे. तुम्हाला लटकायचं नाही, नुसतं वाकायचंय! फूल आधी पराग देतं. मग काही दिवसांनी त्याची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, उघडते. एका झाडाच्या ताज्या फुलातला पराग मऊ कुंचल्यानं टिपा आणि दुसऱ्या झाडाच्या जुन्या, कुक्षी उघडलेल्या फुलाला लावा. एका झाडावर दोन्ही उरकू नका, बी कमकुवत निघतं.

प्रश्न (नाशिक): दुकानातलीच रोपं कड्यावर नेऊन लावली तर?

मोह होतो खरा. पण कुंड्यांतली बरीचशी झाडं मोजक्याच पूर्वजांची, एकमेकांची भावंडंच म्हणा ना. शिकागोच्या वनस्पती उद्यानातले संशोधक म्हणूनच वंशावळ बघून, स्थळं जुळवावीत तशा जोड्या लावतात. शिवाय कुंडीच्या मातीतून कीड आणि रोग बेटावर जातील, आणि बकऱ्या तिथे आहेतच.

प्रश्न (चिपळूण): आमच्याकडे जगेल?

अवघड आहे. खोड पाणी साठवणारं, कोकणच्या पावसात कुजेल. बोटानं दाबून मऊ लागलं की संपलंच. कुणाच्या बॅगेतून चोरून तर मुळीच आणू नका. त्यापेक्षा हिवाळ्यात घाटावर जा. पांढऱ्या फुलांचे उंच तुरे घेऊन देवनळ उभा असतो. तो याच कुळातला, आणि पाहायला दोर लागत नाही.