कुंडीतल्या गोरखचिंचेची सगळी पानं गळली, झाड मेलं का? पाणी वाढवू का? आणि फळं कधी लागतील?

आधी पाणी बंद करा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की बियांपासून केलेलं झाड दीड वर्षाचं आहे, थंडी सुरू झाली तशी पंधरा दिवसांत सगळी पानं पिवळी होऊन गळली, आणि तुमच्या आई झाड तहानलंय म्हणून रोज मगभर पाणी घालतायत. ते "रोज मगभर" वाचलं आणि मला राहवलंच नाही. माझं पहिलं झाड अगदी असंच गेलंय आणि त्यावरून माझा आणि माझ्या मोठ्या भावाचा वाद अजून मिटलेला नाही.

पानं गळणं हा आजार नाहीये. गोरखचिंच हे आफ्रिकेतल्या कोरड्या गवताळ रानातलं झाड, तिथे कोरडा काळ लांबच लांब असतो आणि हे झाड वर्षातले कितीतरी महिने, काही ठिकाणी तर आठ-आठ महिने, निष्पर्णच उभं असतं. कुंडीत थंडी पडली किंवा माती कोरडी झाली की तेच करतं. ते झोपलंय. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतत नाहीत, एवढं साधं आहे, पण हे दादाला पटवायला मला जमलेलं नाही.

झालं असं की एका मैत्रिणीने मला ते फळ दिलं होतं. वरून हिरवट तपकिरी मखमल असते ना तसं, हलवलं की आत खुळखुळतं. फोडलं तर आत पांढरे पिठूळ तुकडे, लालसर दोऱ्यांमध्ये अडकलेले, आणि प्रत्येक तुकड्यात एक काळपट बी. तो गर आंबट लागतो म्हणूनच आपण ह्याला चिंच म्हणतो, नाहीतर चिंचेशी ह्याचं काही नातं नाही, हे सावर आणि जास्वंदीच्या कुळातलं झाड आहे. (आपली नेहमीची चिंच पण मूळची आफ्रिकेतलीच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) मी सगळा गर चोखून बिया धुतल्या, बारा निघाल्या. सात तशाच पेरल्या, एकही आली नाही. मग उरलेल्या पाच कानशीने एका बाजूला घासल्या, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेपर्यंत, आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या. सकाळी दुप्पट फुगल्या होत्या. त्यातल्या तीन आल्या, दोन कोवळेपणीच देठाशी कुजून आडव्या झाल्या आणि एक राहिली.

ती एक चार वर्षं वाढवली मी. सुरुवातीला साधी एकेकटी पानं येतात, आपल्याला वाटतं चुकीचंच बी आलं की काय, आणि मग एक दिवस पाच बोटांचं पान येतं. पहिलं तसं पान आलं त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, दादालापण. चौथ्या वर्षी खोड खाली बाटलीसारखं फुगलं होतं, माझ्या मनगटाहून जाड, आणि साल अशी गुळगुळीत राखाडी की येता-जाता हात लावायचा मोह व्हायचा.

त्या थंडीत मला कामासाठी दोन महिने बाहेर राहावं लागलं. पानं आधीच गळून गेली होती. जाताना मी दादाला तीनदा सांगितलं, "दादा, ह्या कुंडीत पाणी घालू नकोस, एक थेंबसुद्धा नको, बाकीच्यांना घाल." तो हो म्हणाला. पण त्याला ते उघडंबोडकं झाड बघवलं नाही. हे त्याने नंतर स्वतः सांगितलं की रोज सकाळी बाकीच्या कुंड्यांना पाणी घालताना ह्यालाच का उपाशी ठेवायचं असं वाटायचं, म्हणून थोडं थोडं घालत होतो. म्हणजे प्रेमानेच घातलं, ते मी कधी नाकारलं नाही.

परत आले तेव्हा वरून सगळं ठीक दिसत होतं. निष्पर्ण झाड निष्पर्णच दिसणार. मी सवयीने बुंध्याला अंगठा लावला आणि अंगठा आत गेला. साल जागेवर होती, तिच्या खाली काही घट्ट असं उरलंच नव्हतं. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं तर मूळ, जे मुळ्यासारखं जाडजूड आणि पांढरं असायला पाहिजे, त्याची वरची साल हातात आली आणि आतून तपकिरी लगदा गळला, ओले दोरे आणि लगदा, आणि असा वास की मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माती वरून कोरडी होती, सांगतेय ते लक्षात ठेवा, वरून कोरडी. वीतभर खाली चिखल होता.

दादाचं म्हणणं, थंडीने मेलं. मग म्हणाला बी कमकुवत होतं. मग म्हणाला "पाण्याने झाड मरतं तर आफ्रिकेत पाऊस पडत नाही का?" आणि हे तिसरं वाक्य तो अजूनही चार लोकांत म्हणतो आणि लोक माना डोलावतात, म्हणून त्याचं उत्तर इथे नीट लिहिते.

आफ्रिकेत पाऊस पडतो, भरपूर पडतो, पण तो पडतो तेव्हा झाड पानांनी भरलेलं असतं. पानातून पाणी उडतं म्हणून मुळं पाणी ओढतात. पानं नसताना जवळजवळ काहीच ओढलं जात नाही, त्यामुळे मगभर असो की तांब्याभर, घातलेलं पाणी तिथेच बसून राहतं, मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि मग बुरशी आपलं काम करते. त्यात थंड माती असेल तर आणखी लवकर. जमिनीतल्या झाडाखालचं पाणी खोल निघून जायला जागा असते, कुंडीतल्या पाण्याने जायचं कुठे?

आणि तहानेचं म्हणाल तर ह्या झाडाचं अख्खं खोड म्हणजेच टाकी आहे. लाकूड असं नावालाच, स्पंजासारखं मऊ, वजनात अर्ध्याहून जास्त पाणीच. दुष्काळात हत्ती साल फोडून आतलं ओलं लाकूड चघळतात. मादागास्करमधल्या जातींवर अभ्यास झालाय (जगातल्या आठ जातींपैकी सहा तिथल्या आहेत) त्यात दिसलं की पावसाच्या आधी जी नवी पालवी फुटते ती खोडातल्या साठवलेल्या पाण्यावर फुटते. खोडाचा घेरसुद्धा कोरड्या काळात थोडा कमी होतो आणि पावसाळ्यात परत भरतो. माझ्या आत्ताच्या झाडाचा मी दोरीने मोजते, फरक दिसतो. म्हणजे तुमचं झाड ह्या क्षणी तहानलेलं नाहीये, ते स्वतःचं साठवलेलं पाणी जपून वापरतंय.

आणखी एक वाक्य दादाचं, "हजारो वर्षं जगणारं झाड, त्याला मगभर पाण्याने काय होतंय." हजार-दोन हजार वर्षांचं झाड आणि चार वर्षांचं रोप ह्यात फरक आहे हे एक. आणि दुसरं, ती म्हातारी झाडंसुद्धा अमर नाहीत. २०१८ साली एक संशोधन आलं त्यात आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या १३ गोरखचिंचांपैकी ९ त्याआधीच्या बारा वर्षांत एकतर पूर्ण मेल्या होत्या किंवा त्यांचे सगळ्यात जुने भाग कोसळले होते, झिम्बाब्वेतलं एक तर सुमारे अडीच हजार वर्षांचं होतं. संशोधकांना हवामान बदलाचा संशय आहे, सिद्ध झालेलं नाही. पण "ह्याला काहीच होत नाही" असं म्हणण्यासारखं हे झाड नाही.

आता तुमचं झाड. मेलंय का ते बघायला नखाने खोडावरची वरची पातळ साल जराशी खरवडा, अगदी तिळाएवढी. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर जिवंत आहे, त्या हिरव्या थरावर झाड पानं नसतानाही थोडंफार अन्न करत असतं. शेंड्याला तपकिरी दिसलं तर घाबरू नका, खाली खाली येत बघा, शेंडे वाळतात कधीकधी. मग बुंध्याला मातीच्या अगदी लगत अंगठ्याने दाबा. टणक असलं तर सगळं ठीक. थोडं सुरकुतलेलं पण टणक असलं तरी ठीक. मऊ लागलं तर त्याच दिवशी कुंडीतून काढायचं, माती झटकायची, मऊ झालेला भाग धारदार सुरीने पांढरा घट्ट भाग दिसेपर्यंत कापायचा आणि सावलीत, वाऱ्यावर, आठवडा-दोन आठवडे तसंच उघडं वाळू द्यायचं. हो, मातीशिवाय. काही होत नाही. मग कोरड्या रेताड मिश्रणात लावायचं आणि पालवी दिसेपर्यंत पाणी नाही. कुजणं सालीखालून वर चढलेलं असेल तर मात्र वाचत नाही, मी खोटी आशा दाखवणार नाही.

मातीबद्दल लोक उगाच शेणखत, कोकोपीट भरतात. कोकोपीट ह्या झाडाला नकोच, पाणी धरून ठेवतं. निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि बारीक खडी, बाकी साधी माती. कुंडी खोल पाहिजे कारण मूळ सरळ खाली जातं, भाजलेल्या मातीची असेल तर उत्तम. ऊन जेवढं मिळेल तेवढं, दिवसभर. पानं असतील तेव्हा मात्र मनसोक्त पाणी द्या, खालून निथळेपर्यंत, आणि परत माती सुकू द्या. तेव्हा कंजुषी केली तर खोड भरत नाही. बर्फ किंवा कडाक्याचं दंव पडत असेल तर घरात घ्या, ते ह्याला अजिबात सोसत नाही. तुमच्याकडे पाऊसच थंडीत पडत असेल तर कुंडी छपराखाली ओढा, हे पाणी न घालण्याइतकंच महत्त्वाचं.

फळांचं. सरळ सांगते, फळासाठी लावलं असेल तर बियांपासून करायला नको होतं. बियांचं झाड जमिनीत, मनासारख्या हवेत, आठ-दहा वर्षांत फुललं तर नशीब, वीस-बावीस वर्षंही लागतात. फळ देणाऱ्या झाडाची फांदी घेऊन कलम केलं तर तीन ते पाच वर्षांत फूल येऊ शकतं. कुंडीत तर फळाची आशा धरूच नका. आणि एकच झाड असेल तर फुलून पण उपयोग नाही, सहसा दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, आणि फूल संध्याकाळी उमलून एका रात्रीत संपतं, त्यावर वटवाघळं यावी लागतात. आफ्रिकेत कित्येक ठिकाणी लोक "नर" झाड आणि "मादी" झाड असा फरक करतात, फुलं सगळ्यांची द्विलिंगीच असतात पण काही झाडं भरभरून फुलतात आणि फळं जवळजवळ धरतच नाहीत. माझं दुसरं झाड नऊ वर्षांचं झालं, जमिनीत आहे, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावत नाही आता, आणि अजून एक कळी नाही. मी वाट बघतेय.

तोवर पानं आहेत की. पश्चिम आफ्रिकेत ह्या झाडाचं रोजच्या जेवणातलं काम पानांचंच आहे, वाळवून पूड करतात आणि रश्श्याला घट्टपणा आणतात. बऱ्याच ठिकाणी शेंडा छाटून झाड ठेंगणं ठेवतात आणि पानंच तोडत राहतात. कुंडीवाल्यांनी हे करावं, छान फांद्या फुटतात. छाटणी मात्र पालवी फुटायच्या जरा आधी.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या आत्ता आठवतायत. पूर्ण पाणीबंदी हे मी दोन-तीन वर्षांपुढच्या झाडांना सांगते. तुमचं दीड वर्षाचं आहे, खोड पेन्सिलीएवढंच असेल तर त्यात फारसा साठा नसतो, तेव्हा महिन्यातून एकदा, उबदार दिवशी, दुपारी, दोन-तीन चमचे पाणी कडेने सोडायला हरकत नाही. पण आत्ता नाही, रोज मगभर पिऊन झालंय त्याचं, आधी ती माती तळापर्यंत सुकू द्या. काडी खुपसून बघा, वरून बघून ठरवू नका. आणि पानं गळण्याआधी पानांमागे पांढरा कापूस किंवा बारीक जाळी दिसली होती का ते आठवा, पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळी ह्यांची कीड असेल तर पानगळीचं कारण वेगळं आहे आणि नवी पालवी आली की ते परत येणार.

आणि दादाच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे ती पण लिहिते. त्या पहिल्या कुंडीखाली मी बशी ठेवली होती, जमीन खराब होऊ नये म्हणून. पाणी त्याने घातलं पण ते साचून राहायची सोय माझी होती. हे मी त्याला अजून बोलले नाहीये. तुमच्या कुंडीखाली बशी असेल तर आधी ती काढा.

आईंना थांबवणं अवघड जाईल, मला माहितीये. माझ्याकडे आता थंडीत ती कुंडी असती तर मी उचलून नजरेआड ठेवली असती, पाण्याच्या वाटेवर नाही अशा जागी, त्याशिवाय कोणी ऐकत नाही. पालवी फुटली की आईंनाच पहिल्यांदा दाखवा आणि तेव्हापासून पाणी त्यांच्याकडे द्या, त्या काळात त्यांचा हात बरोबर आहे.

खरवडून हिरवं दिसलं की तपकिरी, आणि बुंधा टणक आहे की मऊ, एवढं बघून खाली लिहा.